मादी ओळ

बाजरी फुलोऱ्यात आली की वडील मला भल्या पहाटे रानात घेऊन जायचे. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी आमचं गाव. शिरूरला जुनी माणसं अजूनही घोडनदीच म्हणतात. साल १९७४, मी अकरा वर्षांची. त्या खरिपात वडिलांनी एकरभर रानात संकरित बाजरीचा बीजोत्पादन प्लॉट केला होता. चार ओळी मादीच्या, दोन नराच्या, पुन्हा चार मादीच्या. दोनशे मीटरांच्या आत दुसऱ्या कुणाची बाजरी असता कामा नये, म्हणून शेजारच्या चुलत्यांना विनवून त्यांच्या रानात मटकी पेरायला लावली होती.

वडील नराच्या ओळीतलं कणीस वाकवून माझ्या तळहातावर हलकेच झटकायचे. तळहात पिवळा व्हायचा. मग मादीच्या ओळीतलं झटकायचे. त्या कणसावर पांढरे, पिसासारखे तंतू पराग झेलायला बाहेर आलेले असायचे, पण माझा हात कोरडाच राहायचा. "ताट तेच, पान तेच, पण हिला धूळ नाही," वडील म्हणायचे. मादीच्या ओळीत एखादं झाड धूळ सोडताना दिसलं की उपटून थेट बांधावर. हिला धूळ का नाही, असं मी एकदा विचारलं. कणीस सोडून देत ते म्हणाले, "आईकडनं तशीच आलीया ती."

ते वाक्य मी पुढं चाळीस वर्षं बाळगलं. ते खोटं नव्हतं. पण २०१५ साली दौंड तालुक्यात, यवतजवळच्या एका घरात, त्याच वाक्यानं मी एका आईच्या पदरात नसलेला दोष टाकला. त्या वाक्याचा उरलेला भाग सांगणं मला तेव्हापासून देणं आहे.

वडील चौथी शिकलेले, पण त्यांचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. बाजरीची ही बिनधुळीची मादी अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन इथं ग्लेन बर्टन यांनी तयार केली. तिचं नाव टिफ्ट २३ ए. ती भारतात आली आणि लुधियानाला डॉ. दिलबागसिंग अठवाल यांनी तिच्यावरून देशातली पहिली संकरित बाजरी, एचबी १, उभी केली. ती १९६५ साली शेतकऱ्यांच्या हाती पडली. ज्वारीची सीएसएच १ त्याच्या आदल्या वर्षीची. दोन्हींचं मर्म एकच. मादीला स्वतःचे पराग नसले की शेजारच्या ओळीतल्या नराचेच पराग तिच्यावर पडतात, आणि हजारो फुलांतले परागकोश चिमट्यानं खुडत बसावं लागत नाही.

हे नरवंध्यत्व आईकडून येतं, कारण त्याचं मूळ तंतुकणिकेत असतं. पेशीत केंद्रक असतं, त्यात आईबापांकडून निम्मी निम्मी आलेली गुणसूत्रं. केंद्रकाबाहेर तंतुकणिका असतात. अन्नातली ऊर्जा मोकळी करून पेशीला पुरवणं हे त्यांचं काम. त्यांच्याजवळ स्वतःचा छोटासा डीएनए असतो. बाजरीत काय आणि माणसात काय, तो आईच्या बीजपेशीतून पुढं जातो, बापाकडून येत नाही. बाजरीच्या त्या मादीच्या तंतुकणिकेत डीएनएचे तुकडे मुळात वेडेवाकडे जुळलेले आहेत. पान, मूळ, ताट वाढताना त्याचं काही जाणवत नाही. पराग घडताना, ऊर्जेची सगळ्यात मोठी मागणी असताना, ते वेडेवाकडेपण उघड होतं आणि पराग घडतच नाही.

मी वनस्पतिशास्त्र शिकले आणि तीस वर्षं शिरूरला कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवलं. दर वर्षी फळ्यावर पेशी काढायची आणि वाक्य ठरलेलं असायचं, 'तंतुकणिका फक्त आईकडून येतात.' परीक्षेला हमखास विचारतात म्हणून मुलं त्याच्याखाली दोन रेघा मारायची.

माझ्या भावाची मुलगी यवतजवळ दिलेली. २०१४ साली तिला मुलगा झाला. सहा महिन्यांचा होईपर्यंत बाळ छान होतं. मग मान धरेना, दूध गिळताना ठसका लागू लागला, डोळे भिरभिरू लागले. पुण्याच्या खेपा सुरू झाल्या. रक्तातलं लॅक्टिक आम्ल वाढलेलं निघालं, आणि डॉक्टरांनी तंतुकणिकांचा आजार असावा अशी शंका बोलून दाखवली. तपासणी पाठवली, निकालाला तीन महिने लागणार होते.

त्याच आठवड्यात मी त्यांच्या घरी गेले. माजघरात सगळे बसलेले. भाचीच्या सासूबाईंनी विचारलं, "बाई, तुम्ही शिकवता ना हे? कुठनं येतं हे दुखणं?" मी शिक्षक होते. प्रश्न आला की उत्तर द्यायचं, ही इतक्या वर्षांची सवय. मी म्हणाले, "तंतुकणिका आईकडूनच येतात." घरात कुणी काही बोललं नाही. भाची बाळाला घेऊन उठली आणि मागच्या पडवीत गेली. सासूबाईंनी हातातली सुपली खाली ठेवली आणि म्हणाल्या, "म्हणजे हिच्या पोटाचंच प्रारब्ध."

ते घर वारकऱ्यांचं, आमचंही तसंच. प्रारब्ध हा शब्द आमच्या घरांत मिठासारखा वापरला जातो. पाऊस गेला, प्रारब्ध. बैल बसला, प्रारब्ध. दुःख सोसायला तो शब्द मदत करतो, हे मी पाहिलं आहे. पण त्या दिवशी त्याचं दुसरं काम पाहिलं. आजारी बाळाच्या उशाशी बसलेल्या बाईला तो एकटं पाडत होता. आणि त्याला शास्त्राचा आधार मी दिला होता.

निकाल आला तो निराळाच. बिघाड तंतुकणिकेच्या डीएनएत नव्हताच. तो केंद्रकातल्या एका जनुकात होता. एक सदोष प्रत आईकडून, एक बापाकडून. ते जनुक जे प्रथिन घडवतं, ते केंद्रकाच्या आज्ञेनं बनून तंतुकणिकेत जातं आणि तिथल्या संदेशांची राखण करतं. ते प्रथिन नीट नाही, म्हणून धडधाकट तंतुकणिका उपाशी. लहान मुलांमधले तंतुकणिकांचे बहुतेक आजार असेच केंद्रकातून आलेले असतात. मी फळ्यावर लिहिलेलं वाक्य बरोबर होतं, आणि या बाळाच्या बाबतीत ते लागूच नव्हतं.

बाळ २०१६च्या फेब्रुवारीत गेलं. एवढ्या लहान जिवाला आपण अग्नी देत नाही, पुरतो. भाचीनं ओट्यावरून पाहिलं, तिला पुढं येऊ दिलं नाही. आमच्याच तालुक्यात, घोडच्याच काठी, इनामगाव आहे. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजच्या लोकांनी तिथं उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती निघाली. तिथले लोक मेलेल्या लेकराला दोन मातीच्या रांजणांत ठेवायचे, रांजण आडवे करून तोंडाला तोंड लावायचे आणि ते घराच्याच जमिनीत पुरायचे. वर चूल पेटत राहायची. त्या बायकांनाही कुणीतरी विचारलं असेल का, हे कुणाकडून आलं? त्या रात्री मला हेच सुचत राहिलं.

मग मी पुन्हा वाचायला बसले. या वेळी परीक्षेसाठी नाही, भाचीला तोंड दाखवता यावं म्हणून.

लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ साली मांडलं आणि पुढं सर्वमान्य झालं, ते असं की तंतुकणिका ही एके काळी स्वतंत्र राहणारा जिवाणूच होती. दीड-दोन अब्ज वर्षांपूर्वी ती दुसऱ्या पेशीत आली आणि राहिली. येताना तिच्याजवळ स्वतःची हजारो जनुकं होती. हळूहळू काही गळाली, पुष्कळशी केंद्रकात गेली, सासरी आलेल्या सुनेचे दागिने घरच्या पेटीत जावेत तशी. माणसाच्या तंतुकणिकेजवळ आज उरलीत अवघी ३७ जनुकं, आणि त्यांतली प्रथिनं घडवणारी फक्त १३. तिला हजाराहून जास्त प्रथिनं लागतात. बाकीची सगळी केंद्रकाच्या नोंदीवरून बनून बाहेरून तिच्यात जातात. तिचा तो छोटा डीएनए वाचायला सुरुवात कुठून करायची, हेसुद्धा टीफॅम नावाचं प्रथिन ठरवतं, आणि तेही केंद्रकातूनच आलेलं. १९९८ साली शास्त्रज्ञांनी ज्या उंदरांमध्ये टीफॅम मुळीच बनू दिलं नाही, ते गर्भातच मेले. म्हणजे आईकडून तंतुकणिका येते हे खरं, पण ती चालते आईबाप दोघांच्या जोरावर.

आणि मग मला बाजरी आठवली. वडिलांच्या प्लॉटमध्ये मी एक गोष्ट डोळ्यांनी पाहिली होती आणि तिचा अर्थ कधी विचारला नव्हता. मादीच्या ओळीवर जे दाणे भरायचे, तेच संकरित बियाणं म्हणून पिशवीत जायचं. त्या दाण्याची तंतुकणिका त्या बिनधुळीच्या आईचीच, तीच वेडीवाकडी. तरी पुढच्या वर्षी ते बियाणं पेरलं की प्रत्येक कणसातून पिवळी धूळ उडायची. दोष जसाच्या तसा असताना धूळ आली कुठून?

ती नराकडून आली. नराच्या ओळीच्या केंद्रकात एक जनुक असतं, त्याला पुनर्स्थापक म्हणतात. असं जनुक काय करतं हे २००२ साली पिटुनियाच्या फुलात उलगडलं, मग भातात, आणि २००५ साली आपल्या ज्वारीत. हे जनुक एक प्रथिन घडवतं. ते केंद्रकाच्या नोंदीवरून बनतं, तंतुकणिकेत शिरतं आणि तिथला चुकीचा संदेश नेमका ओळखून धरतं. भातात तर हे प्रथिन तो संदेश तोडूनच टाकायला लावतं. तंतुकणिकेचा डीएनए बदलत नाही, चूक पुसली जात नाही. फक्त ती चूक उच्चारली जात नाही. बाप आईचा दोष काढत नाही, तिच्या घरात शिरून शेजारी उभा राहतो आणि पराग घडून जातात.

प्रारब्धाबद्दल आपल्या परंपरेत मोठा विचार झालेला आहे. संचित म्हणजे साठलेलं, क्रियमाण म्हणजे आता घडत असलेलं, आणि प्रारब्ध म्हणजे फळ द्यायला सुरुवात झालेलं. वेदान्ती दोन दृष्टान्त देतात. सुटलेला बाण परत येत नाही. कुंभारानं हात काढला तरी चाकाचा वेग संपेपर्यंत चाक फिरतं. म्हणून ज्ञान झालं तरी प्रारब्ध भोगूनच संपतं. उलट बाजूला योगवासिष्ठ आहे. त्यात जुनं कर्म आणि आजचा प्रयत्न एकमेकांना धडक देणाऱ्या दोन मेंढ्यांसारखे दाखवले आहेत. ज्याचा जोर जास्त तो जिंकतो. शिरूरच्या माळावर धनगरांचे मेंढे टकरा घेताना मी लहानपणी पाहिलेत, म्हणून तो दृष्टान्त मला नेहमी जवळचा वाटायचा.

आता मला दोन्ही दृष्टान्त अपुरे वाटतात. बाणाच्या दृष्टान्तात मध्ये येणारं कुणीच नाही. मेंढ्यांच्या दृष्टान्तात मध्ये येणारा आहे, पण त्याला जिंकावं लागतं, समोरच्याला पाडावं लागतं. बाजरीच्या रानात तिसरी गोष्ट घडते. मिळालेलं तसंच राहतं, कुणी हरत नाही, पण दुसऱ्या ओळीतून आलेला एक सोबती त्या मिळालेल्याला आवरतो. प्रारब्ध पुसलं जात नाही, पण आवरलं जातं. आणि आवरणारा आतून उगवत नाही, तो बाहेरून यावा लागतो. आमच्याकडं त्याला कृपा म्हणतात, संतसंग म्हणतात. मला तो शब्द आता रांगेतल्या बाजरीसकट समजतो.

कुणी म्हणेल, प्रथिनाला पाप-पुण्य कुठलं? त्याचं खरं आहे. पेशीत नीती नाही, आणि बाजरीवरून कर्मसिद्धान्त सिद्ध करायला मी निघालेले नाही. पण माणसांनी पेशीत नसलेला न्यायनिवाडा तिच्यात घातला होता, मीही घातला होता, आणि तो काढून टाकायचा तर पेशीकडं नीट पाहावंच लागतं.

आईकडचा दोष कधीच नसतो असंही नाही. १९७० साली अमेरिकेत मक्यावर करपा पडला. देशातला बहुतेक मका तेव्हा एकाच मादीच्या तंतुकणिकेवर उभा होता आणि बुरशीच्या विषाला नेमकी तीच बळी पडली. पंधरा टक्के पीक गेलं. इकडं आपल्या संकरित बाजरीवर त्याच दशकात गोसावी रोग आला. कणसाच्या जागी हिरव्या पानांची जटा, दाणा नाही. लोक म्हणाले, परदेशी आईचा गुण. पुढं तपासलं तेव्हा गोसावीचा दोष त्या तंतुकणिकेचा नव्हता. दोन पिकं, दोन रोग, दोन निराळी उत्तरं. तपासल्याशिवाय आईचं नाव घ्यायचं नाही, एवढाच धडा मी त्यातून घेतला.

आवरणं कायमचं नसतं हेही बाजरीनंच शिकवलं. एका साली पैशाची ओढ होती म्हणून वडिलांनी संकरित पिकातलेच दाणे राखून पेरले. रान उंचसखल आलं. चारांतलं एखादं कणीस झटकलं की हात कोरडा. पावसाळी हवेत त्या बिनपरागाच्या कणसांवर अरगट रोग शिरला, मधासारखा चिकट पाझर बोटांना लागायचा. पुनर्स्थापक जनुक पुढच्या पिढीत विखुरलं होतं, आणि ज्या झाडांच्या वाट्याला ते आलंच नाही तिथं आजीचा जुना दोष जसाच्या तसा वर आला होता. सोबत दर पिढीला नव्यानं द्यावी लागते.

२०१७च्या आषाढी वारीच्या वेळी मी यवतला गेले. तुकोबांची पालखी लोणी काळभोरहून यवतला येते, पुढं वरवंडला जाते. यवतकर पालखीला पिठलं-भाकरी करतात, घराघरांतून भाकरी जातात. भाची आणि तिच्या सासूबाई पहाटेपासून परातीशी होत्या. संध्याकाळी ओसरीवर एक म्हातारी वारकरीण पाय पसरून बसली. तिच्या पोटऱ्या मी चेपत होते. ती म्हणाली, "पहिलं चार दिस पाय बोलत्यात. मग गप चालत्यात."

तिच्या पोटरीत काय चाललं असेल ते मला माहीत होतं. चालून चालून स्नायूतली ऊर्जा उतरते. ती उतरल्याची खबर केंद्रकाला पोचते. मग केंद्रकात पीजीसी १ अल्फा नावाचं प्रथिन कामाला लागतं. ते १९९८ साली सापडलं. ते स्वतः डीएनएला हात लावत नाही, दुसऱ्या प्रथिनांच्या खांद्याशी उभं राहून त्यांचं बळ वाढवतं. टीफॅम वाढतं, ते तंतुकणिकेत जातं, तंतुकणिका वाढतात. जॉन होलोझी यांनी १९६७ साली उंदरांना बारा आठवडे पळवून दाखवलं होतं की स्नायूंतल्या तंतुकणिकांचं बळ दुपटीवर जातं. म्हणजे हुकूम फक्त वरून खाली येत नाही. खालून हाक गेली की वरून जास्त पाठवलं जातं. मग चालतं कोण? केंद्रक, तंतुकणिका की म्हातारी? गीतेच्या अठराव्या अध्यायात कुठल्याही कर्माची पाच कारणं मोजली आहेत, आणि कर्ता त्यांतलं फक्त एक. आपणच एकटे कर्ते असं मानणाऱ्याला तिथं समज नसलेला म्हटलं आहे. मी त्यात एवढीच भर घालीन की एकट्या बाईला कर्ती ठरवणाऱ्यालाही नीट दिसलेलं नसतं.

निकालाचा कागद घेऊन मी त्या घरी गेले होते, बाळ असतानाच. सासूबाई बाजरी पाखडत होत्या. मी त्यांच्यासमोर बसले आणि म्हणाले, "मी मागं जे बोलले ते या बाळाबाबत चुकीचं होतं. बिघाड दोघांकडून आलाय. अर्धा तुमच्या लेकाकडून." मग सुपातले चार दाणे जमिनीवर मांडून सांगितलं की दर खेपेला चारांत एक वेळ असं होऊ शकतं. त्या बराच वेळ दाण्यांकडं पाहत राहिल्या. म्हणाल्या, "म्हंजी आमचाबी वाटा हाय." आधी त्यांनी दोष हा शब्द वापरला नव्हता, पोटाचं प्रारब्ध म्हटलं होतं, पण ऐकू दोषच आला होता. आता त्या वाटा म्हणाल्या. त्या उठल्या, आत गेल्या आणि भाचीच्या मांडीवरून बाळ आपल्या मांडीवर घेतलं. पुढचे पाच महिने रात्रीचं जागरण त्यांनी वाटून घेतलं.

२०१८ साली भाचीला मुलगी झाली. पोटात असतानाच तपासणी केली होती. तिच्यातही एक सदोष प्रत आहे, आईकडची की बापाकडची हे कागदावर लिहिलेलं आहे आणि घरात कुणी ते मोठ्यानं वाचत नाही. दुसरी प्रत चांगली आहे, आणि तेवढी पुरते. पोरगी शेताच्या बांधावरून पळते तेव्हा आजी मागून ओरडत असते.

मी २०२१ साली निवृत्त झाले. अजून कुणी बारावीचं पोर प्रकरण घेऊन येतं, आणि मी कागदावर पेशी काढते. तंतुकणिका आईकडून येतात, असं मी आजही सांगते. पण ते पोर खाली रेघ मारायला लागलं की त्याचा हात धरते आणि म्हणते, थांब, वाक्य अजून संपलेलं नाही.